परत येणारा चेंडू

"देवकीताय, जरा माजा अंबाडा घाल ना."

कंपनीची गाडी सापगाव सोडून नुकतीच मुरबाडच्या रस्त्याला लागली होती. सरिता माझ्या शेजारी बसली होती, केस मोकळे आणि रबर दातात धरलेलं. मी म्हटलं, "का गो? हाताला मेंदी लावलीस काय?"

"घाल ना."

"वा गो महाराणी! उद्या सांगशील, घासपन तूच भरव."

एरवी मी असं काही बोलले की ती माझ्या मांडीवर थाप मारून हसायची. त्या दिवशी हसली नाही. तिने उजवा हात वर उचलून दाखवला. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच अडकला. तिच्या कपाळावर घाम आला, थंडीच्या दिवसांत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. भाताची झोडणी झाली तेव्हापासून. कोनाला बोलू नको हां. दीपेशशेठला कळला तर काम जाईल माजा."

मी तिचा अंबाडा घातला. गाडी खड्ड्यातून गेली की तिचा खांदा माझ्या हाताला लागायचा आणि ती ओठ चावायची. बाकीच्या बायका मागे वाटाण्याचा भाव काय आणि कुणाची सून माहेरी गेली यावर बोलत होत्या. कुणाचं लक्ष नव्हतं.

आता सरिताचं काम काय ते सांगते, नाहीतर हात अडकला तर एवढं काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. मुरबाडच्या एमआयडीसीत आमची एक शेड आहे. तिथं बेसबॉल शिकणाऱ्या पोरांसाठी सामान बनतं. आमच्याकडे हा खेळ कुणी खेळत नाही. मी आजपर्यंत त्याची एकही मॅच पाहिलेली नाही. सगळा माल जातो परदेशात. त्यातली एक वस्तू अशी: जमिनीत रोवायचा खांब, खांबाला फिरता सांधा, सांध्याला आडवा लवचीक दांडा आणि दांड्याच्या टोकाला चेंडू. पोरानं बॅटनं चेंडू मारला की दांडा खांबाभोवती गरकन फिरतो आणि चेंडू पुन्हा पोरासमोर येऊन उभा राहतो. पुन्हा मारायचा. असं मारत राहिलं की म्हणे फटका सुधारतो. खोक्यावर त्याचं इंग्रजी नाव छापलेलं आहे, पण आम्ही सगळे त्याला घाणा म्हणतो. बैल नसलेला घाणा.

मी पॅकिंगला. टेप लावते, खोकी रचते, आणि बडबड करते. खोक्यात भरण्याआधी प्रत्येक घाण्याला जोरात फटके मारून सांधा टिकतो की नाही ते बघावं लागतं. ते काम सरिताचं.

ते तिच्याकडे आलं तीही एक गंमतच. आधी मारायला सूरज होता. सूरज आमच्या गावच्या क्रिकेट टीमचा ओपनर, त्यामुळे छाती काढून आला. पण त्याचा हात क्रिकेटचा. बॅट सरळ, कोपर पुढे, जणू समोरून बॉलर धावत येतोय. माल घेणाऱ्या परदेशी लोकांनी फोनवर व्हिडिओ बघितला आणि कळवलं की असा फटका चालणार नाही, बॅट आडवी फिरली पाहिजे, खांद्याच्या मागून निघून कमरेसकट. दीपेशशेठ म्हणजे मालकाचा पुतण्या, शेड तोच बघतो. तो दिवसभर ओरडत होता, "आडवी! अरे आडवी!" सूरज आडवी म्हटलं की गुडघ्यावर बसून स्वीप मारायचा. आम्ही बायका पदर तोंडात धरून हसत होतो. सगळ्यात जास्त हसली सरिता. ती तेव्हा माझ्याच टेबलावर होती.

दीपेशशेठनं चिडून बॅट तिच्या हातात दिली. "हसताय ना? मग तुमीच मारा."

पहिला फटका तिनं भाताची पेंढी झोडावी तसा डोक्यावरून खाली आणला. खांबच वाकला. शेठनं कपाळाला हात लावला. मग सरितानं खोक्यावरच्या पिवळ्या केसांच्या पोराचं चित्र नीट बघितलं. ओढणी कमरेला घट्ट बांधली, पाय फाकले आणि मारलं. दांडा असा फिरला की माझ्या टेबलावरचे कागद उडाले. चेंडू गोल फिरून तिच्या नाकासमोर येऊन थांबला. सरिता शेठकडे बघेना, आमच्याकडे बघेना. चेंडूकडे बघून म्हणाली, "परत आला!"

तिला कधी क्रिकेट शिकवलंच नव्हतं कुणी, म्हणून तिच्या हाताला वाईट सवय नव्हती. तिचाच व्हिडिओ मग परदेशात गेला आणि पसंत पडला. तपासणी ह्याच फटक्यानं करा, असं तिकडून सांगणं आलं. त्या दिवसापासून बॅट सरिताकडे.

एकदा डबा खाताना मी विचारलं, "दिवसभर मारतेस, कंटाळा नाय येत? का सासूचा चेहरा दिसतो तुला चेंडवात?"

"नाय गो," ती म्हणाली. "माज्या माहेरी भाऊ खेळायचे रिकाम्या शेतात. माला बॅट कधी दिली नाय. मी फक्त बॉल आनायची. नाल्यातून आन, काट्यातून आन, कोनाच्या पडवीत गेला तर शिव्या खाऊन आन. हरवला तर मार माला. आनि हा बग, मारला की आपला आपन परत येतो. कोनी आनायला जायला नको." मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता हळूच म्हणाली, "बरा वाटतो मारताना. लय बरा वाटतो."

मला तिचा हेवा वाटला होता तेव्हा. मला कशानं एवढं बरं वाटतं, ते मला आठवेना.

घरी मात्र तिच्या सासूनं, लहानीकाकीनं, सगळीकडे सांगून ठेवलं होतं की सून पॅकिंगला आहे. घरातली बाई दांडकं घेऊन चेंडू मारते आणि त्याचा पगार मिळतो, हे कुठल्या तोंडानं सांगणार? एकदा हळदीच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारलं तर काकी म्हणाली, "खोकी भरते, खोकी." सरिता बाजूलाच बसली होती. तिनं माझ्याकडे बघून डोळा मारला.

तर दिवाळीची गोष्ट. आमच्या आळीत झोडणी हातानंच होते. मशीन भाड्यानं मिळतं, मिळत नाही असं नाही. पण मशीनमध्ये पेंढा चुरगळतो आणि तबेलेवाले तो घेत नाहीत. हातानं झोडलेला पेंढा सरळ, लांब राहतो. आणि झोडायला आळीतली सगळी घरं एकमेकांच्या खळ्यावर जातात. आज आमच्याकडे तुम्ही आलात, तर उद्या तुमच्याकडे आमच्यातला माणूस हवाच. सरिताचा नवरा मनोज भिवंडीकडे गोदामात, त्याची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. काकीचे गुडघे गेलेले. म्हणजे त्या घरचा माणूस कोण? सरिता. दिवसभर शेडमध्ये आडवे फटके आणि सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी, कुणाच्या ना कुणाच्या खळ्यावर उभे फटके. पेंढी डोक्यावर न्यायची आणि फळीवर आपटायची. दोन्हीला खांदा एकच, तो तरी काय करील?

दुखायला लागल्यावर काकीनं तिला एका हाडवैद्याकडे नेलं. त्यानं हात धरून असा हिसडा दिला की आत कटकन वाजलं. काकी म्हणाली, बसला हाड. हाड बसलं नव्हतं, दुसरंच काहीतरी सुटलं होतं. मग मीच तिला ओढत शहापूरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, आतला स्नायू फाटलाय, खांदा धरत चाललाय, हात पूर्ण थांबवा, नाहीतर हा हात पुन्हा वर जायचा नाही.

बाहेर पायरीवर बसून सरिता म्हणाली, "कुठला थांबवू? घरचा का कंपनीचा?"

मी म्हटलं, "दोनी."

"दोनी थांबवले तर मी काय करू, सांग ना."

 मी तिला उसाचा रस पाजला आणि घरी आणलं.

ती फटके मारत राहिली. पण बघणाऱ्याला कळायचं. बॅट मागून झोकात निघायची आणि चेंडूला लागल्या लागल्या आखडायची, पुढे जायचीच नाही. तेवढ्यानं सांध्याची परीक्षा होत नाही. एक दिवस तिनं पास केलेला घाणा दीपेशशेठच्या हातात सुटून आला. त्यानं तिला बोलावलं. मी टेपचा रोल घ्यायच्या निमित्तानं मागोमाग गेले.

"काय झालंय हाताला?" शेठनं विचारलं.

तिनं खरं सांगितलं. लपवायला काही उरलं नव्हतं.

"घरी भात झोडता ना तुमी?"

"झोडते."

"मग हे घरचं दुखणं झालं ना, ताई. कंपनी काय करणार त्यात?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "ओ शेठ, वर्षभर इथं मारते ती! भात काय वर्षभर झोडतो काय आमी?"

"देवकीताई, तुमी टेप घ्या आणि जा."

संध्याकाळी मी तशीच तिच्या घरी गेले. लहानीकाकी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सांगितलं, काकी, पोरीचा हात गेला, आता तिला खळ्यावर पाठवू नका. काकीनं मान वर केली नाही. "आमी काय जन्मभर भात झोडला नाय? आमचा गेला काय हात? त्या कंपनीत दांडकी आपटून आपटून हात मोडून घेतलान, आनि नाव आमच्या खळ्याचा!" मनोज आत जेवत होता. तो बाहेर येऊन म्हणाला, "ताय, तिला मी कदी नाय बोललो का कामाला जा." आणि पुन्हा आत गेला. वाईट माणूस नाही तो. पण त्या दिवशी त्याचं ताट हिसकावून घ्यावंसं वाटलं मला.

हात एकच. राबवायला घर होतं, कंपनी होती, आणि दुखायला लागला तेव्हा तो कुणाचाच नव्हता. सरिता चुलीपुढे बसून डाव्या हातानं भाकरी थापायचा प्रयत्न करत होती आणि भाकरी एका बाजूला जाड होत होती.

मग पौषात दीपेशशेठनं यंत्राचा हात आणला. दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्यातून जुना घेतलेला, हवेच्या जोरावर चालणारा. त्याच्या पंज्यात बॅट बसवायची आणि घाण्याला मारायला लावायचं. पण बॅट कशी फिरवायची ते त्याला आधी दाखवावं लागतं. परदेशी लोकांनी पसंत केलेला फटका सरिताचा, तेव्हा तोच त्याच्यात भरायचा ठरला. शेठनं तिला गोड बोलून सांगितलं, "एकदा व्यवस्थित मारून दाखवा. मग तुमाला मशीनजवळच बसवतो. खुर्चीवर. आरामाचं काम."

"आनि मी नाय म्हटला तर?" तिनं विचारलं.

"मग मारायला तुमाला जमत नाही, आणि पॅकिंगला जागा नाही. तुमीच बोला."

तिनं डाव्या हातानं ओढणी सावरली आणि मान हलवली. दुसरं काय करणार होती?

म्हसा गावच्या जत्रेचा दिवस ठरला. त्या दिवशी निम्मा तालुका म्हशाला असतो, शेड रिकामी, यंत्र बसवणाऱ्या इंजिनियरला शांतपणे काम करता येणार. लहानीकाकी आणि मनोज बैल बघायला पहाटेच गेले होते. सरितालाही जायचं होतं. तिला तिथून एक घोंगडी आणायची होती. त्याऐवजी आम्ही दोघी कंपनीच्या गाडीतून मुरबाडला निघालो. वाटेत जत्रेला चाललेल्या गाड्यांमधून पोरं पिपाण्या वाजवत होती. मी तिचा अंबाडा घातला.

इंजिनियर तरुण होता, बोलायला चांगला. त्यानं तिच्या मनगटाला, कोपराला, खांद्याला चमकत्या पट्ट्या चिकटवल्या आणि चारी बाजूंना कॅमेरे लावले. "ताई, नेहमीसारखं मारा."

सरितानं मारलं. बॅट निघाली, चेंडूला लागली आणि आखडली. तिच्या तोंडून "आई गं" निघालं. पुन्हा मारलं. पुन्हा तसंच.

इंजिनियर पडद्यावर बघून म्हणाला, "शेवटी हात ओढून घेताय तुम्ही. असाच आहे का फटका? असाच असला तर असाच भरतो. मशीनला काय, ते तेच करत राहील."

मला एकदम आनंद झाला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, भर! अस्सा भर! दुखणं आमचं आणि फटका यांना धडधाकट हवा काय? आखडू दे त्या यंत्राला जन्मभर, सुटू देत सगळे सांधे. मी पुढे होऊन बोललेसुद्धा, "असाच मारते ती. घ्या हाच."

"थांबा," सरिता म्हणाली. "माला थोडा टाइम द्या. मी येते."

ती मला घेऊन बाहेर पडली आणि रिक्षाला हात केला. नाक्यावरच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घ्यायला चालली होती. रिक्षात मी तिला शिव्या घातल्या. म्हटलं, "अक्कल गहाण ठेवलीस काय? शहापूरच्या डॉक्टरांनी काय सांगितला? इंजेक्शन घेऊन दुखायचं थांबेल, आत फाटायचं थांबेल काय? कोनासाठी करतेस? त्या दीपेशसाठी?"

"नाय."

"मग?"

"माजा फटका लंगडा नाय, देवकीताय," ती म्हणाली. "हात लंगडा झालाय."

मी तरी भांडतच राहिले. ती बाहेर बघत म्हणाली, "मी नसले तरी तो तिथं राहनार हाय. रोज सगळी बघतील. बोलतील, ही सरिता, अशी मारायची. आयुष्यात एकच गोष्ट माला नीट आली गो. ती तरी वाकडी नको राहायला."

 मी तिचा डावा हात धरून बसले. डॉक्टरनं कारण विचारलं नाही, इंजेक्शन दिलं.

परत आल्यावर ती थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. मग ओढणी कमरेला बांधली, पहिल्या दिवशी बांधली होती तशीच. इंजिनियरनं खूण केली. तिनं डावी टाच किंचित उचलली, कंबर वळली, आणि बॅट मागून आडवी अशी आली की हवा फाटल्यासारखा आवाज झाला. बॅट थांबली नाही. पुढे गेली, पार डाव्या खांद्यावर जाऊन विसावली. चेंडू खांबाभोवती दिसेनासा झाला आणि फिरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला, थरथरत.

"एक नंबर!" इंजिनियर म्हणाला. "आणखी थोडे मारा."

तिनं मारले. त्यानं पुरे म्हटल्यावरही एक मारला. तो कुणी मागितलेला नव्हता. मग बॅट टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघून हसली, केवढं छान हसली. मी तोंड फिरवून टेपचे रोल रचायला लागले. रिकाम्या शेडमध्ये तेवढंच काम होतं मला.

संध्याकाळी गाडीत इंजेक्शन उतरलं. सापगाव येईपर्यंत ती खिडकीच्या दांड्यावर कपाळ टेकून कण्हत होती. मनोज घरी आला होता आणि त्यानं तिच्यासाठी घोंगडी आणली होती, निळ्या काठाची. तिला ती अंगावर ओढून घेता येईना. त्यानंच पांघरली.

त्यानंतर तो हात कमरेच्या वर कधी गेला नाही. शहापूरचे डॉक्टर माझ्यावरच रागावले.

यंत्राचा हात आता मारतो. पोरं सरिताला वहिनी म्हणतात, तेच नाव त्यांनी त्याला ठेवलंय. "वहिनीला हवा कमी पडतेय," "आज वहिनी जोरात हाय," असं चालतं. सरिता पहिल्या दिवशी हसली होती. तिला खरंच खुर्ची मिळाली आहे. घाणा आला की डाव्या हातानं बटण दाबायचं आणि बघत बसायचं. टाच उचलायला त्याला टाच नाही, पण बाकी सगळं तेच. तीच बॅट मागून निघते, तशीच आडवी येते, तशीच पुढे जाऊन विसावते. मी टेबलावरून बघते तेव्हा कधी कधी मला खुर्चीतल्या सरितापेक्षा ती वहिनीच जास्त सरिता वाटते, आणि मग माझाच मला राग येतो.

परवा एका घाण्याचा सांधा कच्चा निघाला. वहिनीनं मारला तसा दांडा मोडला आणि चेंडू उडून शेडच्या पार टोकाला, लोखंडी मांडणीच्या खाली गेला. "वहिनीनं सिक्स मारला!" सूरज ओरडला. सगळे हसले. तपासणीचा चेंडू परत लागतो, मोडलेल्या मालाबरोबर तो मोजून द्यावा लागतो. सरिता खुर्चीवरून उठली. मांडणीशी जाऊन गुडघ्यावर बसली, डावा हात आत घालून चाचपलं. हात पुरेना. मग पालथी झोपली आणि काढला. उजवा हात अंगाशी तसाच लोंबत होता.

मी उठणार होते, पण तिनं मान हलवून नको म्हटलं. ओढणीनं चेंडूवरची जळमटं पुसत ती परत आली. यंत्र तोवर पुढच्या घाण्याला मारत होतं. त्याचा फटका संपेपर्यंत जवळ जायचं नाही असा नियम आहे. सरिता पिवळ्या रेघेच्या बाहेर चेंडू हातात घेऊन उभी राहिली, वहिनीचं मारून होईपर्यंत.